आईचं घर ओळखीतल्यांना भाड्याने द्यायचंय, करार नोंदवायलाच हवा का?

कवडसा
नमस्कार मंडळी. आई आठ महिन्यांपासून आमच्याकडेच राहते. तिचा वन बीएचके तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि आता तिचे गुडघे जिने चढू देत नाहीत. घर बंद ठेवून पाहिलं. महिन्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, कबुतरांची घाण काढायची. मागच्या खेपेला दार उघडलं तर बाथरूमच्या जाळीखालचं पाणी सुकून गटाराचा वास घरभर पसरला होता. तेव्हाच ठरवलं, घरात माणसं हवीत.

भावाच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं कुटुंब विचारतंय. नवरा-बायको आणि एक शाळकरी मुलगी. माणसं चांगली वाटली. भाडं १८ हजार, डिपॉझिट ५० हजार असं बोलणं झालंय. भाऊ म्हणतो, ओळखीतले आहेत, पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहून नोटरी करू. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागतच नाही. मला मात्र धाकधूक आहे. आईचा एकच प्रश्न आहे, "घर परत मिळेल ना रे?" आणि तो ती दिवसातून तीनदा विचारते.

घर महाराष्ट्रात, महापालिका हद्दीत, सोसायटीतलं आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

उघडं_फाटक
नोंदवा. ओळखीतले आहेत म्हणून तर नक्कीच नोंदवा. अनोळखी माणसाशी निदान भांडता तरी येतं.

रानवाट
मी जरा वेगळं सांगतो. बारा वर्षांत चार कुटुंबं राहून गेली माझ्याकडे. चारही वेळा नोटरीच केली आणि एकदाही त्रास झाला नाही. माणूस पाहून घर द्यावं. कागदाने वाईट माणूस चांगला होत नाही, आणि चांगल्या माणसाला कागद लागत नाही.

कलमदान
रानवाट, तुम्हाला चांगली माणसं मिळाली याचा आनंद आहे, पण कवडसांना हा सल्ला नका देऊ. मी दिवाणी वकिली करते. घरमालक माझ्याकडे येतात ते गोष्टी बिघडल्यावरच, आणि मी पहिला प्रश्न हाच विचारते, "करार नोंदवलाय का?" नाही म्हटलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

अकरा महिन्यांची समजूत कुठून आली ते आधी सांगते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. म्हणून लोक अकरा महिन्यांचा करार करू लागले. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठराविक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी देणारा) करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिने असो की पाच. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा खरा फटका पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. तो म्हणाला भाडं बारा हजार ठरलं होतं, तर अठरा हजार ठरलं होतं हे सिद्ध करत तुम्ही बसायचं.

आता तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि तो माणूस निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. नेहमीच्या दाव्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानतात. समन्स लागल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी मागायची असते आणि ती प्रतिज्ञापत्रावर ठोस कारण देऊन मिळवावी लागते. शिवाय मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हा रस्ता फक्त राहत्या घरासाठी आहे, दुकानाच्या गाळ्यासाठी नाही.

आणि खर्च किती? लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज, या बेरजेवर. तुमच्या आकड्यांवर अकरा महिन्यांचे पाचशे-सहाशे रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्या पैशांसाठी आईची झोप घालवू नका.

जुनी_चाळ
कवडसांच्या आईची भीती मला कळते, कारण त्या पिढीने ते पाहिलंय. मुंबई भाडे कायदा होता १९४७ चा. त्यात भाडेकरूला पक्कं संरक्षण होतं, म्हणून मालक "लीव्ह अँड लायसन्स" म्हणून जागा देऊ लागले, जेणेकरून समोरचा भाडेकरू ठरणार नाही. मग १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे लायसन्सवर राहत होते ते सगळे भाडेकरू ठरले. आमच्या मामांनी एका मित्राला दोन वर्षांसाठी दिलेली खोली तेव्हा गेली ती गेलीच. मामी शेवटपर्यंत त्या रस्त्याने जायची नाही, वळसा घालून जायची.

आमच्याकडे लोक घरं कुलूप लावून बंद ठेवतात त्याचं मूळ इथे आहे. कायदा बदलला, भीती तशीच राहिली.

पाटीपेन्सिल
मी भाडेकरूच्या बाजूने लिहिते. पंधरा वर्षांत सहा घरं बदलली. नोंदवलेला करार आम्हालाही हवा असतो हो! गॅस कनेक्शन, पासपोर्ट, बँकेचा पत्ता, सगळीकडे तोच मागतात. नोटरीचा कागद पुष्कळ ठिकाणी परत येतो.

आणि डिपॉझिटचं काय ते लिहून ठेवा. मागच्या घरमालकांनी ओट्याच्या ग्रॅनाइटला असलेल्या चिरेचे १५ हजार कापले. चीर मी राहायला गेले तेव्हापासून होती, अगदी सिंकच्या कोपऱ्यापासून शेगडीपर्यंत. मी रोज तिच्यावरून फडकं फिरवलंय, मला ती पाठ आहे. पण फोटो नव्हता. आता मी सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढते. प्रत्येक भिंत, नळ, कपाटाचा खण, मीटरचा आकडा. तो त्याच दिवशी मालकांना पाठवते. कवडसा, हे तुम्ही स्वतःहून करा, समोरच्याला फार बरं वाटतं.

उघडं_फाटक
पाटीपेन्सिल +१. रंगाचंही आधीच ठरवा. "निघताना रंगाचे कापू" एवढंच लिहितात आणि मग भांडतात. चार-पाच वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच, ते नुकसान नव्हे. दाराला खिळे ठोकणं, टाइल फोडणं, बेसिन उखडणं हे नुकसान.

कवडसा
सगळ्यांचे आभार. कलमदान, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आणखी दोन शंका. एक, बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं असं शेजारच्या काकांनी आईच्या डोक्यात भरवलंय. दुसरी, अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा करार केला तर चालेल का? त्यांची मुलगी सातवीत आहे, दहावीपर्यंत हलायचं नाही म्हणतात.

कलमदान
काकांना सांगा, बारा वर्षांचा नियम मुदतीच्या कायद्यात आहे, पण तो मालकाच्या विरोधात, मालकी नाकारून, उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी. तुमच्या परवानगीने, भाडं देऊन राहणारा माणूस तुमची मालकी रोजच मान्य करत असतो. वर्षं किती झाली यावर ते घर त्याचं होत नाही. ज्याला फुकट, तोंडी, काहीही न लिहिता राहायला दिलंय आणि नंतर वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नाही, तिथे गुंता होतो. नोंदवलेला करार तोही दरवाजा बंद करतो.

तीन वर्षांचा करार जरूर करा. लीव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. ३६ महिन्यांचं मुद्रांक शुल्क तुमच्या आकड्यांवर सोळा-सतराशेच्या आसपास येईल, भाडेवाढ लिहिली तर थोडं जास्त. दरवर्षी नवा करार करण्यापेक्षा हे स्वस्तच पडतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: दरवर्षी भाडं किती टक्क्यांनी वाढेल, किती महिने कोणीच मोडायचा नाही, आणि त्यानंतर किती दिवसांची नोटीस.

आणि घर आईच्या नावावर असेल तर करारात मालक म्हणून आईच. तुम्ही किंवा भाऊ सही करायचे असाल तर तिचं कुलमुखत्यारपत्र लागेल.

रानवाट
मी नोटरी केली हे चुकलं असेल, कलमदान म्हणतात ते पटतंय. यापुढचा करार नोंदवेन. पण माझं म्हणणं पूर्ण सांगू द्या, कारण "माणूस पाहावा" हे मी एकतर्फी म्हणत नव्हतो. समोरचाही आपल्याला पाहत असतो.

माझ्याकडच्या तिसऱ्या कुटुंबात तीन महिन्यांचं बाळ होतं. जानेवारीत रात्री नऊला फोन आला, गीझर बंद पडला. मी त्याच रात्री घरातलं पाणी तापवायचं कॉइल नेऊन दिलं आणि सकाळी आठला माणूस घेऊन गेलो. सोळाशे रुपये गेले. ते कुटुंब साडेचार वर्षं राहिलं, एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं नाही, आणि निघताना त्यांनीच पुढचे भाडेकरू आणून दिले. घर एक महिना रिकामं राहिलं की अठरा हजार बुडतात, वर एजंटला एक भाडं. हे गणित धरलं तर दुरुस्ती कधीच महाग नाही.

पाटीपेन्सिल
रानवाट, असे मालक मिळायला भाग्य लागतं.

सचिव_ब_विंग
सोसायटीच्या बाजूने. लोक इथे येऊन भांडतात म्हणून आधीच सांगतो. सोसायटीला रीतसर कळवा, नोंदवलेल्या कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्या. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, द्यावं लागेल, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. ती टक्केवारी सेवाशुल्कावर, महापालिकेच्या करांवर नाही. काही सोसायट्या भाड्याचे टक्के मागतात, ते चूक. मी सचिव झालो तेव्हा आमच्याकडेही तेच चालू होतं, बंद करायला दोन सभा लागल्या. आणि आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण असं कोणी राहत असेल तर हे शुल्क लागत नाही.

पोलिसांना कळवणं टाळू नका. मोठ्या शहरांत न कळवता घर भाड्याने द्यायला मनाई करणारे आदेश निघतात, आणि न कळवल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो. राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या माहिती भरता येते.

पाखरू
सचिवसाहेब, एक विचारू? तुमच्या सोसायटीत एकट्या मुलींना घर देतात का? नोकरीला लागल्यावर मला अकरा घरांनी नकार दिला. कारण विचारलं तर "सोसायटीत चालत नाही". बाराव्या मालकीणबाईंनी फक्त नोकरीचं पत्र आणि आधीच्या घरमालकांचा फोन नंबर मागितला. त्यांच्याकडे मी सहा वर्षं आहे.

सचिव_ब_विंग
आमच्याकडे देतात, आणि द्यायलाच हवं. घर कोणाला द्यायचं हे मालकाने ठरवायचं असतं. पूर्वी ठराव होता असा, तो आम्ही काढला. आधीच्या घरमालकाला फोन करणं ही त्या बाईंची रीत सगळ्यांनी उचलावी. माणसाबद्दल जे कळायचं ते त्या दोन मिनिटांत कळतं.

हिशेबवही
कराचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घर आईचं, तर भाडं आईचं उत्पन्न. ते भावाच्या खात्यात घेऊ नका, थेट आईच्या खात्यात येऊ द्या. रोख तर नकोच. वर्षाचं भाडं २ लाख १६ हजार. त्यातून आईने भरलेला मालमत्ता कर वजा, समजा ६ हजार. उरलेल्या २ लाख १० हजारांवर ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ६३ हजार. करपात्र उरले १ लाख ४७ हजार. ही ३० टक्के वजावट दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते, आणि लाखभर खर्च केला तरी तेवढीच. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही.

भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ ऐवजी २ टक्के झालाय. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

दूरदेशी
मालक परदेशात राहत असेल तर मात्र ५० हजारांची मर्यादा लागत नाही. अनिवासी मालकाला भाडं देणाऱ्याने पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापायचा असतो. माझ्या भाडेकरूला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दोन वर्षांनी त्याला नोटीस आली, व्याजासकट. चूक माझी होती, मी त्याला सांगायला हवं होतं. सगळी रक्कम मी भरली.

मोजपट्टी
थोडं विषयांतर करतो. हा धागा वाचून कोणी गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घ्यायला निघाला असेल तर आधी पाटीवर मांडा. मी ७२ लाखांचा घेतला, भाडं २० हजार. वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे सव्वातीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, दोन वर्षांतून एक महिना रिकामा, एजंट, रंग. हातात अडीच टक्केही येत नाहीत आणि माझ्या कर्जाचा दर तेव्हा आठच्या वर होता. घराची किंमत वाढेल या भरवशावर दर महिन्याला पगारातून भर घालत होतो. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा व्याजामुळे झालेला तोटा पगारातून वजाही होत नाही. चार वर्षांनी विकला.

आईचं घर ही वेगळी गोष्ट. त्याला हप्ता नाही. तिथे येणारं भाडं हे खरंच उत्पन्न आहे.

वळचण
माझा वाईट अनुभव लिहितो, कारण तो कोणाच्या तरी कामी येईल. भाडेकरूने सात महिने भाडं थकवलं. फोन उचलायचा बंद झाला. मला एकाने सल्ला दिला, वीज तोड, पाणी बंद कर, आठ दिवसांत पळेल. मी मुख्य बटण काढायला म्हणून खरोखर गेलो होतो. जिन्यात त्याचा मुलगा अभ्यास करत बसलेला दिसला, मी तसाच परत आलो.

कलमदान
वळचण, परत आलात ते सगळ्या अर्थाने योग्य केलंत. वीज, पाणी, जिन्यातला दिवा, लिफ्ट यातलं काहीही तोडणं हा त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. कुलूप बदलून सामान बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, मग मालक कोण हा प्रश्नही कोर्ट त्या दाव्यात पाहत नाही. ज्याचं भाडं थकलंय तोच फिर्यादी होऊन बसतो. पुढे काय झालं?

वळचण
करार नोंदवलेला होता, तेवढं एक शहाणपण केलं होतं. वकिलामार्फत नोटीस दिली, मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. नऊ महिने लागले. ताबा मिळाला. थकलेलं भाडं अजून मिळालेलं नाही, त्याची आशा सोडली आहे. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याएवढंच घेतलं होतं, ते पहिल्याच फटक्यात संपलं. कवडसा, तुमचं जवळपास तीन महिन्यांचं आहे, ते कमी करू नका.

पाटीपेन्सिल
केंद्राच्या कायद्यात दोनच महिन्यांचं डिपॉझिट आहे ना?

कलमदान
तो आदर्श भाडेकरू कायदा, २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला नमुना. राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा त्यात आहे हे खरं, पण राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. इथे १९९९ चाच कायदा धरून चाला.

कवडसा
मंडळी, परवा करार नोंदवला. ३६ महिन्यांचा, वर्षाला पाच टक्के वाढ, पहिले बारा महिने कोणीच मोडायचा नाही. बायोमेट्रिक मशीन घेऊन माणूस घरीच आला.

आईचे ठसे उमटेनात. अंगठा चारदा लावला, चारही वेळा लाल दिवा. ऐंशीला आलेले हात, आयुष्यभर भांडी घासली, धुणं धुतलं, रेषा पुसून गेल्या आहेत. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, ती "माफ करा हो" म्हणत राहिली. भाडेकरू ताई उठल्या, ओल्या रुमालाने तिचं एकेक बोट पुसलं, कोरडं केलं, आणि मग डाव्या हाताची अनामिका लागली. हिरवा दिवा लागल्यावर ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. भाऊ माझ्याकडे बघत होता. नंतर म्हणाला, नोटरी केली असती तर हे झालंच नसतं.

काल किल्ली दिली. पाटीपेन्सिल, व्हिडिओ काढला, मीटरचा आकडा दोघांनी सह्या करून लिहून ठेवला. आई व्हिडिओ कॉलवर होती. किल्ली देताना तिने ताईंना एकच सांगितलं, "बाथरूमच्या दाराची कडी जरा वर उचलून लावा, नाहीतर बसत नाही. आमची तीस वर्षं तशीच आहे." रात्री नऊला झोपली.

उघडं_फाटक
छान झालं! आईंना नमस्कार सांगा.

जुनी_चाळ
वाचून डोळ्यांत पाणी आलं. मामीला हे सांगायला हवं होतं.

रानवाट
कवडसा, अभिनंदन. ती कडी मात्र या रविवारी जाऊन बदलून या. घरात लहान मुलगी आहे, आत अडकली तर?

कवडसा
खरंच की. शनिवारीच जातो.